नऊ नंबरचं वाक्य

यास्मिन, काल कुपवाडला तू बोललीस. मी समोर होते.

नेहमीच्या फौंड्रीत संघटनेची पत्रकं वाटायला गेले होते. भट्टीशेजारच्या खांबावर तू बसवलेला तो राखाडी डबा अजून तिथंच आहे, वर वाळूचा थर. स्क्रीनवर तापमानाचे आकडे पळत होते. ते मध्येच गेले आणि दोन ओळी आल्या: 'तापमान मोजणारा प्रोग्राम बाहेरून बंद पाडला गेला. कोणी आणि का, ते या यंत्राला कळलेले नाही.' भट्टीवरचे दगडूमामा मान न वळवताच म्हणाले, "म्याडम बोलल्या बगा." त्या शेडमध्ये असंच म्हणतात. डब्यानं मराठीत काही सांगितलं की म्याडम बोलल्या. म्हणून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. हातातली सळई खाली न ठेवता ते तसेच उभे राहिले. बाकीचेही. मग प्रोग्राम आपोआप सुरू झाला, आकडे परत आले, तुझ्या ओळी पुसल्या गेल्या. मी पत्रकं न वाटताच बाहेर पडले.

तू गेल्यावरचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे, आणि तू कामावर आहेस.

तुझं शिक्षण, तुझी नोकरी, मागे कोण कोण राहिलं, यातलं काही मी लिहिणार नाही. ते पेपरात आलं, एका चौकटीत. त्या चौकटीतल्या एका वाक्यामुळेच मी लिहायला बसले आहे. त्या वाक्याकडे येते. आधी आपलं भांडण.

ते सुरू झालं विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत. तुझं घर सांगलीतच, पण अब्बांचं सीट कव्हरं शिवायचं मशीन घराच्या भिंतीला लागून, आणि तुला म्हणे शांतता हवी असायची. शांततेसाठी तू माझ्याकडे यायचीस, यावर तुझी आई हसायची. तू जेवायला बसलीस की कुपवाडहून फोन. "म्याडम, एकशे एकोणचाळीस आलाय." तू घास गिळून सांगायचीस, एकशे अठ्ठावीस वजा करा, किती राहिले, अकरा ना, मग डबा बंद करून चालू करा, सकाळी येते. मला संताप यायचा. बाराशे डिग्रीपुढं उभ्या माणसानं वजाबाकी का करायची? मी एकदा त्यावर भाषणच ठोकलं, माहिती कशी दडवली जाते, कोण दडवतं, कुणाच्या फायद्याचं असतं. तू आमटीत भात कालवत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "कुणी दडवलं नाही गं. सी लँग्वेजमध्ये असंच असतं."

मग समजावलंस. प्रोग्राम आपणहून थांबला तर गोष्ट वेगळी. पण सिस्टीमनं सिग्नल देऊन त्याला पाडलं तर मागे नुसता नंबर उरतो. तुमच्या कंपनीच्या जुन्या डब्यांत त्या नंबरात एकशे अठ्ठावीस मिळवून तोच आकडा स्क्रीनवर टाकलेला. नंबरावरून वाक्य काढायला सीमध्ये स्ट्रसिग्नल नावाचं फंक्शन असतं. त्याला अकरा द्या, ते एक इंग्रजी ओळ देतं. नऊ द्या, ते एकच शब्द देतं, 'किल्ड'.

मग ती ओळ मराठीत का नाही, असं मी विचारलं. या सगळ्यात माझं श्रेय तेवढंच.

तू मनावर घेतलंस. इंग्रजी ओळींचं जसंच्या तसं मराठी केलंस आणि मला न दाखवता डब्यांत घातलंस. थोड्याच दिवसांत फौंड्रीच्या स्क्रीनवर आलं: 'ठार मारले'. एवढंच. दगडूमामांनी वाचलं आणि भट्टीची वीज तोडली. माणसं बाहेर पळाली. मुकादमानं सगळ्यांना गेटपाशी ओळीत उभं करून हजेरी घेतली, कोण कमी आहे ते बघायला. आणि एकजण खरंच कमी निघाला. तो शेडमागे पपईखाली बिडी ओढत बसला होता. त्याला शोधून काढेपर्यंत लोकांनी मनातल्या मनात त्याचं सगळं उरकलं होतं. तो चालत आला तेव्हा मुकादम त्याच्या अंगावरच धावला, जिवंत आहेस तर सांगायला काय झालं म्हणून. हे सांगताना तू इतकी हसलीस की ठसका लागला. मग पाणी प्यायलीस.

"एका शब्दानं माणसं पळाली, वैशू," तू म्हणालीस. "आता तू बस. पत्रकं लिहितेस ना? मग वाक्यं तूच कर."

बसलो आपण. जमिनीवर कागद पसरून, मध्ये शेंगदाण्याची वाटी. अकरा नंबरला प्रोग्राम स्वतःची नसलेली मेमरी वापरायला जातो, असं तू सांगितलंस. मी म्हटलं, मग लिही, बांध कोरला. तू म्हणालीस, तुम्हा साताऱ्याच्या माणसांना कुठूनही सोडा, शेवटी बांधावर येता. शेवटी ठरलं: 'प्रोग्रामने हद्दीबाहेरच्या जागेला हात घातला, म्हणून थांबवला.' पंधरा नंबर तुझा आवडता. 'थांबायला सांगितले. थांबला.' इतकं शहाणं घरात कोणी नाही, असं तुझं म्हणणं. तेरा नंबर मी केला. प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला काही सांगत असतो, दुसरा आपलं टोक बंद करून गेलेला असतो, पहिल्याला पत्ता नसतो. मी लिहिलं: 'ऐकणारा निघून गेला, तरी प्रोग्राम बोलत राहिला.' तू वाचून मान हलवलीस. बरोबर आहे, म्हणालीस, एक अक्षर बदलू नको. तुझ्याकडून मिळालेली ती एकुलती एक शाबासकी. ती ओळ मी आता वाचत नाही. फोनमधून तुझा नंबरही काढलेला नाही. तुझी भावजय सांगते की तुझा फोन अजून वाजतो कधी कधी. माझ्या हातनं वाजतो.

तुझी आणखी एक सवय. स्ट्रसिग्नलनं दिलेलं वाक्य तू आधी स्वतःच्या जागेत उतरवून घ्यायचीस, मगच वापरायचीस. का, तर ती जागा त्याची असते. पुढच्या वेळी त्याच जागेत ते दुसरंच लिहू शकतं, आणि आपण जुनं समजून नवं वाचत बसतो. मी म्हटलं, आमच्या पुढाऱ्यांच्या आश्वासनाचंही असंच असतं. तू म्हणालीस, तुला प्रत्येक गोष्टीत पुढारी दिसतात, डोळे तपासून घे.

नऊवर मात्र अडलं.

मी लिहिलं होतं: 'मालकाने स्वस्तातला डबा घेतल्यामुळे मेमरी संपली आणि प्रोग्राम मारला गेला.' तू पेनानं ते सगळं खोडलंस. मेमरी संपली हे तुला कोणी सांगितलं, म्हणून विचारलंस. मी म्हटलं, मागच्या वेळी तेच निघालं होतं. मग तुझा आवाज चढला. तो फार कमी वेळा चढायचा.

"मागच्या वेळी, वैशू. या वेळचं कुणी बघितलं? नऊ सिस्टीम देते, ऑफिसात बसून मी देते, एखादा चुकून देतो. बाकीचे बहुतेक सिग्नल अडवता येतात, नऊ अडवता येत नाही. त्या प्रोग्रामला शेवटचं काही बोलताच येत नाही. त्याच्या वतीनं मी बोलते. मग मला दिसलं तेवढंच मी बोलणार."

मी पेटलेच. 'माहीत नाही' हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांतला सगळ्यात लाडका शब्द आहे, म्हटलं. ठेकेदाराला विचारा, साहेबाला विचारा, चेअरमनला विचारा. मशीनमध्ये कामगाराची बोटं गेली, त्यावर जाळी का नव्हती? माहीत नाही. हातात पुरावा येईपर्यंत थांबायचं तर आम्ही जन्मभर थांबू, कारण पुरावा ज्यांच्या कपाटात आहे त्यांच्याच हातात किल्ली आहे. आणि तू तोच शब्द यंत्राला शिकवतेस. यावर तू म्हणालीस, नाही, हे वेगळं आहे. स्ट्रसिग्नलला जो नंबर ओळखता येत नाही, त्यावर ते गप्प बसत नाही. अनोळखी सिग्नल असं म्हणतं आणि पुढे तो नंबर टाकतं. माहीत नाही म्हणून हात झटकणं वेगळं आणि माहीत नाही असं खुणेसकट लिहून ठेवणं वेगळं. खूण राहिली की कोणीतरी शोधायला येतं.

"कोण येतं?" मी विचारलं.

"मी येते ना."

ते खरं होतं. तू यायचीस. उन्हातान्हात, स्कूटीवर, पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आणि पोळीभाजीचा डबा घेऊन. पण मी हट्टी. मी विचारलं, आणि ज्या दिवशी येणारीच नसेल त्या दिवशी? शेंगदाणे संपले म्हणून उठलीस. वाक्य तुझंच राहिलं, भांडण माझ्याकडे राहिलं.

मग ती संध्याकाळ. कुपवाडहून येताना तू रस्त्याच्या कडेला सापडलीस. हेल्मेट डोक्यात, स्कूटी थोडी पुढे आडवी. दूध घालून परत निघालेल्या एकानं पाहिलं आणि रिक्षा थांबवली. त्याच्या आधी कोणी काही पाहिलं असेल तर ते पुढं आलेलं नाही.

हंगाम चालू आहे. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, कांड्या बाहेर लोंबलेल्या. त्याविरुद्ध मी आणि आमच्या संघटनेचे संपतदादा किती हंगाम ओरडतोय ते तुला ठाऊक आहे. तू चिडवायचीससुद्धा, तुझ्या अण्णांचा ऊस काय विमानानं जातो का गं, म्हणून. मी त्यावरून गावी जाऊन अण्णांशी भांडून आले होते. फौजेतून आलेला माणूस, त्यांनी मलाच ऐकवलं, आधी कारखान्याला शिस्त लाव, मग बापाला.

दवाखान्याच्या जिन्यावर मी बसले होते. आत तू आहेस की नाहीस हे अजून कोणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्या डोक्यात मथळा तयार होता: 'बिनदिव्याच्या ट्रॉलीने घेतला यास्मिनचा बळी'. खालचा मजकूरही आपोआप जुळत चालला होता. तुझी आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती आणि मी मनात मथळ्याचा टाइप निवडत होते. तू एकदा म्हणाली होतीस, सिग्नल येतो त्या क्षणी प्रोग्रामनं वाक्य रचायला बसू नये. नुसती खूण करून ठेवावी आणि त्यातून बाहेर पडल्यावर बोलावं. तेव्हाच बोलायला गेलं तर अर्धवट राहिलेल्या कामात हात अडकतो आणि सगळंच गोठतं. जिन्यावर मला हे आठवलं नाही. आठवलं दुसऱ्या दिवशी, पेपर हातात आल्यावर.

'स्कूटीवरील ताबा सुटल्याने तरुणी ठार.'

ठार. तोच शब्द, ज्यानं एकदा सगळी शेड गेटपाशी उभी केली होती. या वेळी कोणी हजेरी घेतली नाही. आणि ताबा सुटल्याने! पोलिसांच्या कागदातही तेच, असं तुझ्या भावानं सांगितलं. कोणी पाहिला ताबा सुटताना? त्या दूधवाल्यानं? तो तर नंतर आला. दुचाकीवरून पडून कोणीही मेलं की हेच छापतात. तपासाला जाण्याआधी वाक्य हजर, शिक्क्यासारखं. आणि त्या वाक्यात तुझी चूक आहे, यास्मिन. चौकात हात दाखवल्याशिवाय न वळणारी तू, आणि सरकारी कागदावर कायमची चुकलेली. मी ओरडत पेपर भिंतीवर फेकला. खालच्या घरमालकीणबाई वर आल्या.

मग माझा मथळा मला पुन्हा दिसला. ट्रॉली कोणी पाहिली? दूधवाल्याला मी स्वतः जाऊन विचारलं. त्यानं सांगितलं, रस्त्यावर त्या येळंला काय बी नव्हतं ताई, खोटं कशाला बोलू. असेल, निघून गेली असेल. तशाच जातात. मला वाटतं ट्रॉलीच होती. आत्ता लिहितानाही वाटतं. पण मला वाटतं, एवढंच माझ्या हातात आहे.

संपतदादा दुपारी आले. दादा वाईट माणूस नाही. स्वतःचा भाऊ त्यांनी असाच ट्रॉलीखाली घालवलाय, त्यांच्या रागाला कारण आहे. पत्रकाचा मजकूर तयार करून आणला होता, वर तुझा फोटो, कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला. मी म्हटलं, दादा, ट्रॉली कोणी पाहिलेली नाही.

"लोक फोटो बघत्यात, पोरी, पुरावा न्हाई," ते म्हणाले. "हंगाम संपला की ट्रॉल्या गेल्या, ट्रॉल्या गेल्या की लोक इसरलं. आपल्या मानसाचं मरान असं वाया घालवायचं आसतंय व्हय? उद्या दुसरी कोन पडंल, तवा काय सांगनार तिच्या आयला? माहीत न्हवतं म्हनून?"

हे तर मीच तुला म्हणाले होते, जवळजवळ याच शब्दांत. मी दादांना म्हटलं, छापण्याआधी अब्बांना विचारू. ते म्हणाले, विचार, पण लवकर.

मी अब्बांकडे गेले तेव्हा तिसऱ्या दिवसाची जियारत होऊन गेली होती. अब्बांनी दुकान उघडलं होतं, पण मशीन चालू नव्हतं. समोर कुणाच्या तरी बुलेटची सीट नुसतीच पडलेली, रेक्झिन कापलेलं, शिवलेलं नाही. दुकानात दोघंजण बसलेले. त्यातला एक सांगत होता की त्या वळणावर कुत्री फार, कुत्रंच आडवं आलं असणार. दुसरा म्हणाला, पोरींना आजकाल फोन कानाला लागतोच. अब्बा ऐकत होते. ते दोघं उठून गेल्यावर अब्बांनी माझ्याकडे स्टूल सरकवलं.

"रोज कोन तर येतो आन् येक नवी गोष्ट सांगून जातो, बेटा," ते म्हणाले. "कोन ट्रॉली म्हनतो, कोन चक्कर म्हनतो. समद्यांस्नी ठावं हाय, मला सोडून. तू तिच्यासंगं ऱ्हायलीस. तू सांग, काय झालं माझ्या पोरीला?"

माझ्या पिशवीत दादांचा मजकूर होता. काढून दिला असता तर अब्बांना एक उत्तर मिळालं असतं. राग धरायला एक चाक मिळालं असतं. बापाला तेवढं तरी द्यावं, असं क्षणभर फार वाटलं. माझ्याकडे वाक्य नाही असं कधी झालेलं नाही, तुला माहीत आहे.

"माहीत नाही, अब्बा," मी म्हणाले. "कुणालाच माहीत नाही. कुणी पाहिलेलंच नाही."

त्यांनी कात्री उचलली, परत ठेवली. मग एकदम मान वर केली. त्यांचे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते.

"कुनाला म्हाईत न्हाई," ते म्हणाले, "तर मंग ह्यांनी तिचा ताबा सुटला म्हनून लिवलं कसं?"

यास्मिन, मी इतकी पत्रकं लिहिली, इतके मथळे पाडले, पण इतका साधा आणि इतका जड प्रश्न मला सुचला नव्हता. आम्ही तिथंच अर्ज लिहिला. कोणी पाहिले नसताना ताबा सुटला असे कशावरून लिहिले, ते सांगा. सांगता येत नसेल तर ती ओळ काढा आणि शोध घ्या. त्या वेळी त्या रस्त्यावरून कोणती वाहनं गेली, कोणत्या ट्रॉल्यांना मागे दिवा होता, रस्त्यावर काय पडलं होतं, स्कूटी कुठून घासली आहे. अब्बांनी सही केली. दादांना हे फार पसंत पडलं नाही. यात धार न्हाई, म्हणाले. पण अर्ज द्यायला ते सोबत आले, आणि तिथल्या साहेबांनी "चौकशी चालू आहे" असं म्हटल्यावर सगळ्यात आधी आवाज त्यांचाच चढला.

पत्रकही काढलं. फोटो नाही. ट्रॉलीचं नाव नाही. तुझ्या पद्धतीनं काढलं, आणि अजूनही मला ती पद्धत पटलेली नाही, हे ऐकून ठेव. शोधायला येणारीच नसेल त्या दिवशी काय करायचं, हे तू मला सांगितलं नाहीस. ट्रॉलीच निघाली तर मी दादांची माफी मागेन आणि तुझ्यावर ओरडेन, तू कुठंही असलीस तरी. दुसरं काही निघालं तर तेही लिहीन, मला न आवडलं तरी. आणि काहीच निघालं नाही तर? त्या विचाराशी आले की मी उठून चहा ठेवते.

सध्या रोज संध्याकाळी, तुझ्या येण्याच्या वेळेला, आम्ही त्या वळणावर उभे राहतो. मी, दादा, कधी शेडमधले दोघंतिघं पाळी संपवून. हातात पाटी: 'इथे काय झाले ते कोणी पाहिले असेल तर सांगा.' गाड्या हळू होतात, वाचतात, पुढे जातात. ट्रॅक्टरवाले आमच्याकडे बघत नाहीत. अंधार पडायला लागला की एखादी स्कूटी लांबून येताना दिसते, एकच दिवा, आणि माझे पाय आपोआप रस्त्याकडे वळतात. हे रोज होतं. दादांच्या लक्षात आलंय. ते माझ्या पुढं येऊन उभे राहतात.

काल अब्बाही आले. दुकान बंद करून, चालत. माझ्या हातातली पाटी त्यांनी घेतली. एक मोटरसायकलवाला, मागे दुधाचे मोकळे कॅन लावलेला, पण मी विचारलेला तो नव्हे, दुसराच, पुढे जाऊन थांबला आणि पाय टेकत टेकत मागे आला. पाटी वाचली. मग त्यानं अब्बांना विचारलं, चाचा, कोन हुती?

"माझी पोरगी," अब्बा म्हणाले. "काय झालं ते अजून कळलं न्हाई."

त्यानं गाडी बंद केली, स्टँड लावला आणि खाली उतरला.